ब्रेकच्या नळीची वेणी

मोटारसायकलच्या हँडलवरील मुठीपासून पुढच्या चाकापर्यंत एक काळी, करंगळीहूनही बारीक नळी गेलेली असते. ज्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आहे, त्यांच्या पुढच्या ब्रेकची सारी शक्ती या नळीतून जाते. अलीकडे पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावीही काही गाड्यांवर या काळ्या नळीच्या जागी चांदीसारखी चकाकणारी, तारांची वेणी घातलेली नळी दिसते. अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये तिची चर्चा चालते. ती बसवली की गाडी जागच्या जागी थांबते, असे एकाने सांगितलेले दुसरा पुढे सांगतो. कन्हानच्या बाजूने कोळशाचे आणि वाळूचे ट्रक येतात, पेंचच्या जंगलाकडील रस्त्यावर अंधारात अचानक रोही किंवा रानडुक्कर आडवे येते. अशा भागात गाडी थांबण्याविषयीची समजूत खरी की खोटी, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. या नळीचा इतिहास पाहिला तर उत्तर बरेचसे त्यातच मिळते.

सुरुवात पास्कलपासून करावी लागेल. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम आपण आठवी-नववीपासून शिकवतो. पास्कलचा हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पण नियम कळल्यावर त्याचे यंत्र व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्याची खरी अडचण दाब निर्माण करण्याची नव्हती. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटत असे, ती होती. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने कातड्याची वाटीसारखी पट्टी बसवली. दाब वाढेल तशी ही वाटी कडेला अधिकच घट्ट बसे. विदर्भातील वाचकांना हा प्रेस परका नाही. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत कापसाच्या गाठी याच तत्त्वावर बांधल्या जातात. मोटारसायकल येथे येण्याच्या कितीतरी आधी पास्कलचा नियम कापसाच्या गाठीवर बसून आला होता, असे म्हणायला हरकत नाही.

प्रेसमध्ये सगळे भाग एका जागी घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे लोखंडी नळ्या चालतात. वाहनाचे चाक मात्र खाली-वर होते आणि डावी-उजवीकडे वळतेही. कडक नळी येथे दोन दिवसांत तुटेल. माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाने १९१७ च्या सुमारास मोटारीसाठी हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट मागितले. विमानांमुळे प्रसिद्ध झालेल्या लॉकहीड कंपनीशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या ॲलनचा हा भाऊ. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक होते. पण ती श्रीमंतांची गाडी. सामान्य किमतीच्या गाडीत ते आणले क्रायस्लरने, १९२४ साली, आणि गळणाऱ्या कातडी वाट्यांच्या जागी रबराच्या वाट्या घातल्या.

रबर आले आणि त्याबरोबर रबराचे रसायनही आले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. रबराचा तुकडा रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून वर्गात हे सहज दाखवता येते. म्हणून सुरुवातीच्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालत नसे. एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण पुष्कळ वर्षे वापरात होते. आजचे ब्रेक ऑईल ग्लायकॉल जातीच्या संयुगांचे असते आणि सीलही वेगळ्या, कृत्रिम रबराचे. पण जुना नियम कायम आहे. ब्रेक ऑईल संपले म्हणून डबीत इंजिन ऑईल ओतणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या गाडीच्या वाट्या काही दिवसांत फुगून बसतात.

हेन्री फोर्डचा मात्र या पाणी-तेलाच्या ब्रेकवर विश्वास नव्हता. पेडलपासून चाकापर्यंत आमच्याकडे पोलाद आहे, अशी जाहिरात त्याची कंपनी करीत असे. पोलादी सळ्या आणि तारा सोडून फोर्ड गाड्यांनी हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारला तो १९३९ च्या मॉडेलमध्ये. फोर्डची शंका अगदीच वेडगळ नव्हती. रबराची नळी ही साऱ्या साखळीतील एकच नरम कडी होती.

आता त्या कडीच्या आत डोकावू. फेकून दिलेली जुनी रबरी ब्रेकनळी मिस्त्रीकडून मागून आणावी आणि धारदार पात्याने तिरपी कापावी. आत तीन थर दिसतात. सर्वांत आत गुळगुळीत रबर, बाहेर काळे रबर आणि या दोहोंच्या मध्ये धाग्यांची वेणी, बहुधा एकावर एक दोन. नुसती रबरी नळी एवढा दाब क्षणभरही सोसणार नाही, ती फुग्यासारखी फुगेल. दाब पेलते ती वेणी. पूर्वी ती सुताची असे, पुढे रेयॉनची आणि नंतर आणखी मजबूत कृत्रिम धाग्यांची झाली. म्हणजे ‘वेणीची नळी’ हे नव्या नळीचे नाव फसवे आहे. वेणी पहिल्यापासून होतीच, ती झाकलेली होती. बदलला तो धागा, आणि त्याच्या आतील अस्तर.

वेणी घालण्यामागेही गणित आहे, आणि ते बारावीच्या मुलांना नक्की आवडेल. बंद नळीत दाब वाढला की तिच्या भिंतीवर दोन दिशांनी ताण येतो, एक घेराच्या दिशेने आणि दुसरा लांबीच्या दिशेने. पातळ भिंतीच्या नळीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. पाण्याचा पाइप फुटतो तेव्हा चीर बहुधा लांबीच्या दिशेने पडते, ती यामुळेच. तिरपा धागा दोन्ही दिशांना थोडी थोडी मदत करतो. धागा नळीच्या अक्षाशी जो कोन करतो, त्याच्या साइनच्या वर्गाच्या प्रमाणात तो घेर सांभाळतो आणि कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात लांबी. या दोहोंचे गुणोत्तर २ हवे, म्हणजे टॅन्जंटचा वर्ग २ हवा. कोन येतो ५४ अंश ४४ मिनिटे. धागा याहून जास्त आडवा असेल तर दाब येताच नळी लांब होईल, कमी आडवा असेल तर ती आखडेल आणि जाड होईल. या कोनात मात्र ती दोन्ही करत नाही. गोल विणलेला पोकळ नाडा हातात घेऊन दोन्ही टोके ओढा, तो बारीक होतो. टोके एकमेकांकडे रेटा, तो फुगतो. वेणीतील कोन बदलतो आहे तो डोळ्यांना दिसतो.

(जाता जाता, याच गुणाचा उलटा उपयोगही झाला आहे. अमेरिकेत अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेल्या जोसेफ मॅककिबेन या भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीला पोलिओ झाला होता. तिच्या हातासाठी त्याने १९५० च्या दशकात रबरी नळीवर वेणी चढवून, मुद्दाम वेगळ्या कोनात, हवेचा दाब दिल्यावर आखडणारा कृत्रिम स्नायू तयार केला. आज यंत्रमानवांच्या प्रयोगशाळांत तो वापरतात.)

मोटारसायकलवर ही नळी बरीच उशिरा आली. अर्नेस्ट बाउडन याने १८९६ साली पेटंट घेतलेली, आवरणातून सरकणारी पोलादी तार सायकल आणि मोटारसायकलला पुरेशी होती. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पुढच्या बाजूच्या लायनरला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे हाताला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडायची तर मोठे बल हवे, आणि ते तारेने देणे अवघड. डिस्क आली की हायड्रॉलिक नळी आलीच. होंडाची सीबी ७५० ही १९६९ साली बाजारात आली. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारसायकलींत पुढे हायड्रॉलिक डिस्क असलेली ती पहिली मानली जाते.

आपल्याकडे मात्र आणखी काळ गेला. यामाहाच्या आरडी ३५० ला परदेशात पुढे डिस्क मिळत असे. तीच गाडी १९८३ साली ‘राजदूत ३५०’ म्हणून एस्कॉर्ट्सने भारतात काढली तेव्हा डिस्क जाऊन तेथे ड्रम आला. वेग कायम ठेवून थांबण्याच्या सामानात काटकसर करणे मला तरी उलटी काटकसर वाटते. १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडनंतर आणि आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ साली आणलेल्या पल्सरनंतर पुढची डिस्क तरुणांच्या ओळखीची झाली. २००७ च्या पल्सर २२० ला मागेही डिस्क होती. या नळ्या सर्व काळ्या, रबरी. २०१२ साली चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ‘ड्यूक २००’ बाहेर पडली, तिला कारखान्यातूनच पोलादी वेणीची नळी होती. वेणीच्या नळीबद्दलची चर्चा आणि तिची हौस गावोगावी पोचली ती बहुधा अशा गाड्यांमुळेच.

पण पोलादी वेणी आली कोठून? विमानांतून. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकासाठी लागणाऱ्या वायूवर काम करीत होते. वायूने भरलेल्या एका नळकांड्यातून काहीच बाहेर येईना, वजन मात्र होते तेवढेच. नळकांडे कापून पाहिले तर आत पांढरी, मेणचट भुकटी. ते टेफ्लॉन. आपल्याला ते तव्यावरून ठाऊक आहे. त्याला बहुतेक कोणतेही रसायन शिवत नाही, २५० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात ते टिकते. जेट विमानांची तापलेली तेले रबराला सोसेनात, तेव्हा १९५० च्या दशकात टेफ्लॉनच्या नळ्या आल्या. टेफ्लॉन मऊ असते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू पसरते. एकट्याने ते उभे राहत नाही, म्हणून त्यावर गंज न लागणाऱ्या पोलादी तारांची वेणी चढवली गेली. विमानातून ही नळी शर्यतीच्या मोटारींवर, आणि १९७० च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींवर आली. पोलादाची लवचीकता अंक सुमारे २०० गिगापास्कल, रेयॉनसारख्या धाग्यांचा त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तोच दाब दिला तर पोलादी वेणी फारच थोडी ताणते. फोर्डचे पोलाद अशा रीतीने पेडल आणि चाक यांच्यामध्ये परत आले.

आता हिशेब करू. मुठीवर बोटांनी साधारण १०० न्यूटन, म्हणजे १० किलो वजनाइतका जोर दिला. तरफेमुळे तो समजा ६ पट झाला, ६०० न्यूटन. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस सेंटिमीटर. दाब आला सुमारे ४७ वातावरण. आता नळीची ताकद पाहा. ब्रेकनळ्यांसाठी अमेरिकेचे १०६ क्रमांकाचे मानक आहे. त्यात सव्वातीन मिलिमीटरच्या आतील बारीक नळीने ७,००० पौंड दर चौरस इंचापर्यंत, म्हणजे सुमारे ४७५ वातावरण दाबापर्यंत, फुटता कामा नये. ही अट रबरी नळीलाही आहे. आपल्या हाताच्या दाबाच्या हे दहापट झाले. म्हणजे धडधाकट रबरी नळी जोराने ब्रेक दाबल्यामुळे फुटेल, ही भीती निराधार आहे.

खरा प्रश्न फुगण्याचा. त्याच मानकात ही नळी १,००० पौंड दाबाला दर फुटामागे ०.६६ घन सेंटिमीटरपर्यंत फुगलेली चालते, ‘कमी फुगणारी’ म्हणवणारी ०.३३ पर्यंत. ही वरची मर्यादा झाली, चांगल्या नळ्या याच्या पुष्कळ खाली असतात. आपण सबंध नळी मिळून ०.२ घन सेंटिमीटर फुगते असे धरू. तेवढे तेल चाकापर्यंत जाण्याऐवजी नळीच्या फुगवट्यात अडकते. ते भरून काढायला दट्टा १.६ मिलिमीटर जास्त सरकवावा लागेल, आणि बोटांना त्याच्या ६ पट, म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर मूठ जास्त ओढावी लागेल. पास्कलच्या नियमात भांडे कडक आहे हे आपण न बोलता गृहीत धरतो. येथे भांडे ढिले पडते. दाब शेवटी तेवढाच येतो, पण थोडा उशिरा आणि हाताला स्पंजसारखा लागून. पोलादी वेणी हा ढिलेपणा कमी करते. ब्रेकचा जोर ती वाढवत नाही.

मग गाडी किती आधी थांबते? ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर लागतात. ‘अरे, समोर काहीतरी आहे’ हे कळून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी साडेसोळा मीटर गेले. वाढलेल्या १ सेंटिमीटर ओढीला ५ शतांश सेकंद लागतो असे उदारपणे धरले, तर वेणीच्या नळीने वाचवले सुमारे ८० सेंटिमीटर. २० मीटरचा आकडा टायर आणि रस्ता ठरवतात. त्यावर नळीची सत्ता चालत नाही. गोटा झालेल्या टायरवर चकाकणारी नळी बसवणाऱ्या मुलाला हे गणित फळ्यावर सोडवायला लावावे.

८० सेंटिमीटर कधी कधी पुष्कळ असतात, हेही खरे. घाटात किंवा शर्यतीत तासभर ब्रेक तापवणाऱ्याला नरम न पडणारी मूठ मोलाची वाटते, कारण किती दाबले म्हणजे चाक अडकेल याचा अंदाज बोटांना नीट येतो. मात्र १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आहे. चाक अडकू न देण्याचे काम तेथे यंत्र करते. त्यामुळे या बारीक अंदाजाचे महत्त्व रोजच्या वापरात पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

वेणीची नळी बसवल्यावर ‘केवढा फरक पडला’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांनी बहुधा सात-आठ वर्षांची जुनी रबरी नळी काढलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, गाडी उन्हात उभी असते. रबर कडक होते, भेगाळते, आतील थर सुटतो. सुटलेला पापुद्रा झडपेसारखा वागू लागला तर तेल जाते पण परत येत नाही आणि चाक धरून राहते. रबरातून हवेतील ओलही हळूहळू आत शिरते. ग्लायकॉलचे ब्रेक ऑईल ती शोषते. डॉट ४ जातीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. ब्रेक तापला आणि ऑईल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मूठ हँडलला टेकते, गाडी चालतच राहते. नळी बदलताना जुने ऑईलही बदलले जाते, हवा काढली जाते, म्हणून मूठ टणक लागते. अस्सल नवी रबरी नळी, ताजे ऑईल आणि नीट काढलेली हवा एवढ्यानेही त्यातील मोठा भाग मिळाला असता, आणि खर्च कमी आला असता. टेफ्लॉनमधून ओल कमी शिरते, हा वेणीच्या नळीचा खरा आणि कमी बोलला जाणारा फायदा आहे.

हा प्रयोग शाळेत करता येतो. ५ मिलिलिटरच्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडून पाण्याने भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक दट्टा दाबला की दुसरा लगेच हलतो. आता मध्ये वीतभर सायकलची व्हॉल्व ट्यूब घाला आणि दुसरा दट्टा बोटाने धरून ठेवा. पहिला दट्टा दाबला तरी आत जातो आणि ट्यूब फुगताना दिसते. त्याच ट्यूबवर शिवणकामाचा दोरा घट्ट, दोन्ही बाजूंनी तिरपा गुंडाळून पुन्हा दाबा. शेवटी मुद्दाम एक बुडबुडा सोडा. बुडबुड्याने झालेले नुकसान ट्यूबच्या नुकसानीशी ताडून पाहायला मुलांना सांगा.

तरीही वेणीची नळी घ्यायचीच असेल तर इतिहासातील आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. अमेरिकी मानकात नळीला ३५ तास सतत, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी, गरगरा हलवून पाहतात. पहिल्या पिढीतील वेणीच्या नळ्या दाबाच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होत, पण या परीक्षेत टोकाशी तुटत. लवचीक वेणी जेथे कडक धातूच्या टोपीत शिरते, तेथेच सगळे वाकणे गोळा होते. म्हणून अशा नळ्या बरीच वर्षे ‘केवळ शर्यतीसाठी’ म्हणून विकल्या जात. पुढे टोपीजवळ आधाराची बाही घातल्यावर त्या रस्त्यासाठी मान्य झाल्या. म्हणून नळी हातात घेतल्यावर चकाकी नंतर पाहावी, आधी टोके पाहावीत. टोपी यंत्राने दाबून बसवलेली हवी, मानकाची खूण आणि बनवणाऱ्याचे नाव छापलेले हवे. भारतीय मानकांत आयएस ७०७९ हे हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांसाठीच आहे. साध्या रबरी नळीवर शोभेसाठी तारांची जाळी चढवून तिला वेणीची नळी म्हणता येत नाही, तीतील दाब आतल्या धाग्यांवरच असतो. लांबी मूळ नळीइतकीच असावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा काटा पूर्ण दाबून-सोडून नळी कोठे ताणते का, टायरला लागते का हे पाहावे. वेणीवर प्लॅस्टिकचे आवरण नसेल तर ती करवतीसारखी काम करते, टाकीचा रंगच काय, शेजारची वायरही कापते. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घालावेत. ते एकदा चेपले की दुसऱ्यांदा तसे बसत नाहीत. एबीएसच्या गाडीत नळ्या अधिक असतात आणि मधल्या यंत्रातील हवा नेहमीच्या पद्धतीने पूर्ण निघेलच असे नाही, त्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपमधील उपकरण लागू शकते. आणि बसवल्यानंतर गाडी रस्त्यावर काढण्याआधी मूठ पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावी, सांध्यांवर कोरडा कागद टेकवून ओल येते का ते पाहावे.